वॉशिंग मशीनची मोटार ‘घूं’ करून बंद पडते: काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

घटस्थापनेच्या आधीचे आठ-दहा दिवस मला घरात जेवायला सवड नसते. सांगलीच्या आसपास घरोघरी अंथरुणं-पांघरुणं धुवायला निघालेली असतात आणि रोज पाच-सहा ठिकाणांहून एकच वाक्य ऐकू येतं: ‘दादा, मशीनची मोटार जळली हो.’ जाऊन बघावं तर बहुतेक वेळा मोटार शाबूत. तिने फक्त अंग काढून घेतलेलं असतं.

खाली लिहिलंय ते मुख्यतः दोन टबांच्या सेमी-ऑटोमॅटिक मशीनबद्दल, कारण आमच्याकडे तीच जास्त आणि तिच्यातला हा बिघाड मी इतक्या वेळा काढलाय की आवाजावरून अंदाज येतो. फुल्ली ऑटोमॅटिकचं थोडं शेवटी आहे.

आधी लक्षणं बघा

- टायमर फिरवला की जड ‘घूंऽऽ’ आवाज येतो, पण टबातली चकती हलत नाही किंवा अर्धा वेढा घेऊन थांबते.
- दहा-पंधरा मिनिटं झकास चालतं, मग मोटार गप्प. टायमर मात्र टिकटिकत पुढे सरकत असतो. अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा चालू, जणू काही झालंच नाही.
- रिकामं फिरतं, कपडे टाकले की अडतं.
- सकाळी चालतं, संध्याकाळी चालत नाही.
- एकाच दिशेला फिरतं आणि कपड्यांची वेणी होते.
- मागच्या बाजूने तापलेल्या वार्निशचा वास येतो.

दुसऱ्या लक्षणाला लोक सगळ्यात जास्त घाबरतात. खरं तर तीच त्यातल्या त्यात बरी बातमी. मोटारीच्या वाइंडिंगमध्ये, म्हणजे आतल्या तारांच्या वेढ्यांत, तारांना चिकटून एक लहानसा ओव्हरलोड प्रोटेक्टर बांधलेला असतो. आत दोन धातूंची पट्टी असते. तारा ठरावीक तापमानापलीकडे तापल्या की पट्टी वाकते आणि वीज तोडते. गार झाल्या की पट्टी परत टेकते. म्हणजे विश्रांतीनंतर मोटार परत चालू होत असेल तर ती जिवंत आहे आणि प्रोटेक्टरही आपलं काम करतोय. तिला कोण तापवतंय एवढंच शोधायचं.

काही मोटारींत अशा पट्टीऐवजी एकदाच तुटणारा फ्यूज असतो. तो गेला की मोटार गार होऊनही उठत नाही. अशा मोटारी ‘जळाली’ म्हणून भंगारात गेलेल्या मी पाहिल्यात, वाइंडिंग धडधाकट असताना.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. गार करून पुन्हा चालू करायचा प्रयोग दोनदा करा, तिसऱ्यांदा नको. तारांवरच्या वार्निशचं, म्हणजे इन्सुलेशनचं, आयुष्य दर १० अंशांच्या वाढीला साधारण निम्मं होतं, असा मोटारवाल्यांचा जुना हिशेब आहे. प्रोटेक्टर दर वेळी मोटार वाचवतो हे खरं, पण दर वेळी वार्निश थोडं करपतंच.

पहिली तपासणी: थांबणं

याला पैसे लागत नाहीत, तरी कोणी करत नाही. प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण बोर्डावर फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले असले तर बटण बंद असतानाही आत वीज राहते, आणि अशी घरं काही कमी नाहीत. पाऊण तास थांबा.

मग ड्रायरची बाजू लावून बघा. सेमी मशीनमध्ये मोटारी दोन असतात, धुण्याची वेगळी आणि पिळण्याची वेगळी. ड्रायर नीट फिरला तर प्लगपर्यंत वीज येतेय आणि बिघाड धुण्याच्या बाजूला आहे. दोन्ही बाजू अडखळत असतील तर मशीन सोडा, आधी विजेकडे वळा.

दुसरी: कपडे आणि पाणी

मशीनवर ७ किलो लिहिलेलं असतं ते कोरड्या कपड्यांचं वजन. हे बहुतेकांना माहीत असतं. माहीत नसतं ते हे की पाणी कमी घातलं तरी मोटारीवर लोड वाढतो. कपडे पाण्यात तरंगले पाहिजेत. पाणी कमी पडलं की सगळा गठ्ठा चकतीवर बसतो आणि चकती तो घासत, ओढत फिरते. उन्हाळ्यात टँकरच्या दिवसांत माझ्याकडे येणाऱ्या तक्रारी कपडे जास्त घातल्याच्या नसतात, पाणी वाचवल्याच्या असतात.

गोधडीची गोष्ट आणखी वेगळी. चार जुन्या लुगड्यांची, हाताने टाचलेली गोधडी कोरडी असताना काखेत मावते. भिजली की एका माणसाला उचलत नाही. शिवाय ती एकच वस्तू असल्यामुळे टबात उलटीपालटी होत नाही. एका बाजूला चिकटून राहते आणि चकती तिच्याखाली दात खाते. दहा शर्ट मोटारीला झेपतात, त्याच वजनाची एक गोधडी झेपत नाही. गोधडी, सोलापुरी चादरींची चळत, जाजम, गादीची खोळ हे सगळं बाहेर दगडावर. काकू रागावतात, पण माझं मत बदलत नाही.

खात्री करायची असेल तर कपडे सगळे काढा, खालच्या खुणेपर्यंत पाणी भरा आणि पाच मिनिटं चालवा. सहज फिरलं तर अर्धेच कपडे टाकून बघा. तेही फिरलं तर दुरुस्ती झाली, पुढचं वाचायची गरज नाही. रिकामंही अडलं तर कपड्यांचा दोष नाही.

तिसरी: वीज

इथे मी स्वतः एकदा तोंडावर आपटलोय.

नदीकाठच्या एका गावात एकाच मशीनसाठी तीनदा गेलो. तक्रार तीच: कपडे टाकले की ‘घूं’ आणि बंद. पहिल्या खेपेला कंडेन्सर (मोटारीला सुटायला मदत करणारी डबी, सहाव्या तपासणीत सांगतो) कमी दाखवत होता, बदलला, चालू झालं. आठ दिवसांत फोन. दुसऱ्या खेपेला शहाणपण करून थोड्या मोठ्या आकड्याचा कंडेन्सर बसवला, म्हटलं जोर वाढेल. जोर वाढल्यासारखा वाटला, पण मोटार रिकामी चालतानाच हाताला चटका बसावा इतकी तापायला लागली. तिसऱ्या खेपेला मालक म्हणाला, ‘दादा, आता नवीनच मोटार टाका, पैशाचं बघू.’ मोटार काढायला मशीन पुढे ओढलं आणि त्याच्यामागची एक्स्टेंशनची वायर हातात आली. पडवीतून मोरीपर्यंत आणलेली, मध्ये दोन तुकडे पिळून जोडलेले, वर टेप. टेप तपकिरी होऊन वायरीला चिकटला होता.

मशीनच्या प्लगपाशी मीटर लावला. मोटार बंद असताना २२५ व्होल्ट. चालू केली की उचलताना १८० च्या आसपास. जोड कापून मशीन सरळ भिंतीतल्या सॉकेटला लावलं, मूळ आकड्याचा कंडेन्सर परत बसवला. त्या घरून पुढे फोन आला तो फ्रीजसाठी.

व्होल्टेज कमी पडल्यावर मोटार इतकी का अडते, तर अशा मोटारीचा उचलण्याचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात पडतो. २३० चे १८० झाले म्हणजे व्होल्टेज पाचव्या हिश्शाने घटलं, पण जोर जवळजवळ ६० टक्क्यांवर येतो. तेवढ्यात चकती सुटली नाही की मोटार जागच्या जागी उभी राहते, आणि उभी राहिलेली मोटार नेहमीच्या कित्येक पट करंट खेचते. तो सगळा करंट उष्णतेत जातो. म्हणून ‘घूं’ ऐकल्यावर ‘सुटेल थोड्या वेळात’ म्हणून वाट बघू नका. पाच सेकंदांत सुटली नाही तर बंद करा.

तर तपासा असं. मशीन भिंतीतल्या सॉकेटला थेट लावा, एक्स्टेंशन नको. पाच-दहा मिनिटं चालवून बंद केल्यावर प्लग काढा आणि पिना चाचपून बघा. गरम लागल्या किंवा सॉकेटचं प्लॅस्टिक पिवळं पडलं असेल तर सॉकेट बदलून घ्या. सकाळी चालतं आणि संध्याकाळी नाही, असं असेल तर दोष मशीनचा नसून लाइनचा. शेतीपंप आणि गावातले दिवे एकाच ट्रान्सफॉर्मरवर असले की हे व्हायचंच. अशा ठिकाणी धुण्याची वेळ बदलणं हा सगळ्यात स्वस्त इलाज, दुसरा स्टॅबिलायझर. मीटर नसेल तर ट्यूब लागायला वेळ लागतोय का, पंखा मंदावलाय का, एवढ्यावरूनही कळतं.

चौथी: चकतीखाली काय आहे

प्लग काढलेला आहे ना, पुन्हा बघा. टब रिकामा करून चकती, म्हणजे पल्सेटर, हाताने दोन्ही दिशांना फिरवा. जातं फिरवल्यासारखी थोडी जड पण सलग फिरली पाहिजे. एकाच जागी येऊन अडत असेल तर तिथे काहीतरी आहे. सगळीकडे सारखी जड असेल तर क्षार साचलेत किंवा खालचा शाफ्ट धरतोय. करकर लागली तर बेअरिंग नाहीतर गिअर.

मधल्या टोपीखाली स्क्रू असतो. तो काढला की चकती वर यायला हवी. बोअरच्या पाण्याच्या गावात ती येत नाही, क्षारांनी घट्ट बसलेली असते. लोक इथे स्क्रूड्रायव्हर घालून उचकटतात आणि टबाला चीर पाडतात. त्यापेक्षा कोमट पाणी भरून अर्धा तास ठेवा. मग परकराच्या दोन जुन्या नाड्या घ्या, चकतीच्या कडेखाली समोरासमोर सरकवा आणि चारही टोकं धरून सरळ वर ओढा. अजून तरी या युक्तीने मला दगा दिलेला नाही.

खाली काय निघेल सांगता येत नाही. मोजे, लहान मुलांचे हातरुमाल, ब्लाउजचे हूक, तुळशीचा मणी, बोळा झालेल्या नोटा. एका घरी पाच रुपयांचं नाणं निघालं, कडेने घासून घासून पात्यासारखं धारदार झालेलं. टबाच्या तळाला त्याने गोल चर पाडली होती. दोन दिवस आणखी चालवलं असतं तर चर आरपार गेली असती आणि पाणी थेट खालच्या मोटारीवर. त्या काकूंनी नाणं धुऊन देवघरात ठेवलं, मशीन वाचलं म्हणून.

चकती बसवताना तिच्या खालचा वायसर विसरू नका. तो नसला की चकती तळाला घासते आणि तुम्ही काढलेला बिघाड तुम्हीच परत बसवता.

पाचवी: मागचं झाकण

वॉरंटी चालू असेल तर इथेच थांबा. नसेल तर प्लग काढून, मशीन भिंतीपासून ओढून मागचे स्क्रू काढा.

आधी नुसतं बघा. उंदीर. पावसाळ्यात मशीनचा तळ ही त्यांची आवडती जागा. लेंड्या, कापसाचा बोळा, कुरतडलेली वायर दिसली तर वायर जोडून होईपर्यंत काही चालू करायचं नाही. मशीनची तळाची जाळी नसेल तर तीही लावून घ्या, नाहीतर पुढच्या महिन्यात परत हेच.

मग बेल्ट. दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबला तर साधारण एक-दीड सेंटिमीटर दबला पाहिजे. सैल बेल्टने मोटार सहसा ट्रिप होत नाही. मोटार हलकी, मोकळी पळते, चकती मात्र दुबळी फिरते, रबराचा वास येतो, खाली काळी भुकटी पडलेली दिसते. तो ओव्हरलोड नाही, उगीच मोटारीच्या मागे लागू नका. उलट नवीन बेल्ट तारेसारखा ताणून बसवला असेल तर मोटारीचा शाफ्ट एका बाजूला ओढला जातो, बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती कडी) घासतो आणि मोटार रिकामीही तापते. बेल्ट बदलल्यानंतर लगेच सुरू झालेली तक्रार बहुतेक वेळा हीच. जुन्या बेल्टवर ‘एम’ आणि पुढे आकडा छापलेला असतो, तोच आकडा आणायचा. ‘जवळपासचा चालतो’ म्हणणाऱ्या दुकानदाराकडून घेऊ नका.

आता सगळ्या तपासणीतली माझी सगळ्यात लाडकी गोष्ट. बेल्ट उतरवा. वीज न लावताच मोटारीची पुली बोटांनी फिरवा. मग चकतीकडची मोठी पुली फिरवा. दोन्ही वेगवेगळ्या झाल्या, त्यामुळे कोण धरतंय ते आपोआप कळतं. मोटारीची पुली एका झटक्यात चार-दोन वेढे घेऊन सहज थांबायला हवी. ती मोकळी आणि मोठी पुली जड असेल तर गिअरबॉक्स किंवा शाफ्टचा बुश गेलाय, मोटार निर्दोष. त्याच्याखाली काळं तेल ओघळलेलं दिसलं तर खात्रीच. गिअरबॉक्स घरी उघडायच्या भानगडीत पडू नये. तो आख्खा बदलतात आणि त्यासाठी मशीन आडवं करावं लागतं.

मोटारीची पुलीच जड असेल तर बुश कोरडा पडलाय. शिलाई मशीनच्या तेलाचे तीन-चार थेंब शाफ्टच्या कडेला, आणि पाच मिनिटं हाताने फिरवणं. खोबरेल किंवा गोडंतेल घालू नका. ते काही दिवसांनी चिकट होतं आणि बुश पहिल्यापेक्षा घट्ट धरतो. बेल्टवर थेंब सांडला तर पुसून काढा.

सहावी: कंडेन्सर

कपॅसिटर म्हणा की कंडेन्सर, आमच्या बाजारात दोन्ही चालतं. अशी मोटार कंडेन्सरशिवाय स्वतःहून सुटत नाही. मोटारीत वाइंडिंग दोन असतात. दुसऱ्या वाइंडिंगचा करंट कंडेन्सर थोडा पुढे सरकवतो आणि त्या फरकातून फिरण्याची दिशा ठरते. तो कमजोर झाला की मोटार गुणगुणते, पण कुठल्या दिशेने जायचं तेच तिला कळत नाही. हाताने ढकललं तर ढकलू तिकडे पळते. पुष्कळ लोक चालू मशीनमध्ये हात घालून हे करून बघतात. तुम्ही करू नका. टबात पाणी, आत वीज, आणि चकती सुटली तर बोट सापडतं.

कंडेन्सर मागच्या बाजूला, पांढऱ्या किंवा काळ्या डबीसारखा. पुष्कळ मशीनमध्ये दोन्ही मोटारींचे कंडेन्सर एकाच डबीत असतात, म्हणून तीन वायरी दिसतात आणि आकडेही दोन छापलेले असतात, धुण्यासाठी मोठा, ड्रायरसाठी लहान. हात लावण्याआधी त्यातली साठलेली वीज उतरवा. होल्डरमध्ये बसवलेल्या साध्या पिवळ्या बल्बच्या दोन वायरी त्याच्या टोकांना क्षणभर टेकवल्या की झालं. तीन वायरींचा असेल तर दोन-दोन टोकं धरून तिन्ही जोड्यांना टेकवा. डबी फुगली, तडकली, पाझरली असेल तर मोजायचीही गरज नाही.

मोजायचं तर मायक्रोफॅरड दाखवणारा मल्टीमीटर हवा. डबीवर सहसा पाच टक्क्यांची सूट छापलेली असते. १० छापलेला असताना ९.६ आला तर ठीक, ७ आला तर बदला. नवा घेताना मायक्रोफॅरडचा आकडा तोच आणि व्होल्ट छापील आकड्यापेक्षा कमी नको, बहुतेकांवर ४४० असतं. ‘मोठा टाका, जोर वाढतो’ हे मी करून पाहिलंय, वर लिहिलंच आहे.

कंडेन्सर स्वस्तात होतो, मोटारीला त्याच्या कित्येक पट लागतात. म्हणून कोणी मेकॅनिक कंडेन्सर न मोजता मोटार बदला म्हणाला तर त्याला आधी चहा पाजा आणि कंडेन्सर मोजायला लावा.

एकाच दिशेला फिरणाऱ्या मशीनचं इथेच सांगून टाकतो. तो दोष सहसा टायमरचा. आतला एक पॉइंट जळालेला असतो, त्यामुळे उलटा वेढा मिळत नाही. कपडे दोरखंडासारखे पिळत जातात आणि शेवटी तो पीळ मोटारीला ओढवत नाही. लक्षण ओव्हरलोडचं, इलाज टायमर बदलण्याचा.

ड्रायर अडत असेल तर

ड्रायरमध्ये बेल्ट नाही. मोटार थेट टबाला जोडलेली, मिनिटाला १३०० च्या आसपास फेरे. म्हणून इथली कारणं वेगळी.

सगळ्यात आधी आतली जाळीची चकती काढून, टब आणि बाहेरचं पिंप यांच्या फटीत बॅटरी मारा. वरून उडालेला हातरुमाल किंवा पायमोजा तिथे गुंडाळलेला सापडतो. मग पाणी सोडायची नळी. ती वर उचलून मोरीच्या कठड्यावर ठेवलेली असेल किंवा आत फेस तुंबला असेल तर पाणी बाहेर जात नाही आणि टब पाण्यातच गरगरतो. नळी खाली जमिनीवर सोडा, बस.

त्यानंतर ब्रेक. झाकण बंद केलं की एक तार ब्रेक ओढून सोडवते, उघडलं की ब्रेक परत लागतो आणि टब थांबतो. ही तार गंजली किंवा सुटली की ब्रेक लागलेलाच राहतो आणि मोटार ब्रेकशी झगडत तापते. मागून बघा: झाकण बंद असताना ब्रेकचा लायनर ड्रमपासून सुटलेला दिसला पाहिजे. तार हवी तशी बसवून घ्या, पण ब्रेक लागणारच नाही इतकी नको. झाकण उघडल्यावर टब काही सेकंदांत थांबलाच पाहिजे. लहान मुलं असलेल्या घरात याबाबत मी कोणाचंही ऐकत नाही.

ड्रायरच्या मोटारीवर पावडरीचे पांढरे ओघळ आणि गंज दिसला तर वरचं रबरी सील गळतंय. सील न बदलता नवी मोटार टाकणं म्हणजे तीही भिजवायला ठेवणं.

फुल्ली ऑटोमॅटिक

इथे पहिल्या चार तपासण्यांपैकी कपडे, पाणी, वीज एवढंच घरी करा. पडद्यावर कोड येतो, तो कंपनीगणिक वेगळा. उदाहरणार्थ एलजीच्या मशीनवर ‘एलई’ आला तर त्यांच्याच पुस्तिकेत कपडे कमी करून अर्धा तास थांबायला सांगितलंय. थांबून पुन्हा आला तर सेन्सर, वायरिंग किंवा मोटार. इन्व्हर्टर मशीनच्या बोर्डावर सव्वातीनशे व्होल्टपर्यंत डीसी साठलेली असते आणि प्लग काढल्यावरही ती काही वेळ राहते. तिथे बोट घालू नका.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

मशीनला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, किंवा घरातला अर्थ लीकेजचा ब्रेकर पडत असेल, तर वरचं काहीच करू नका. प्लग काढा आणि फोन करा. वार्निशचा करपट वास किंवा धूर असेल तरी तेच.

बेल्ट काढलेला, कंडेन्सर नवा, व्होल्टेज पुरेसं, तरी मोटार रिकामी चालताना पाच मिनिटांत ट्रिप होत असेल तर वाइंडिंगमधले काही वेढे आपसात चिकटलेत. आम्ही इथे रेझिस्टन्स मोजतो. धुण्याच्या मोटारीची दोन्ही वाइंडिंग सारखी असतात, कारण तिला दोन्ही दिशांना सारखंच फिरायचं असतं. मधल्या वायरीपासून दोन्ही टोकं जवळजवळ सारखी आणि टोक ते टोक त्यांची बेरीज आली पाहिजे. एक बाजू खूप कमी आली की निकाल लागला. ड्रायरच्या मोटारीत मात्र दोन बाजू मुळातच वेगळ्या असतात, तिथे हा नियम लावून चांगली मोटार फेकू नका. त्यानंतर ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरने, वाइंडिंग ते बॉडी. एक मेगओमच्या खाली असेल तर मी मोटार परत लावत नाही, मालक कितीही म्हणाला तरी.

पुराचं पाणी लागलेलं मशीन हा वेगळाच प्रकार. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, २०२१ च्या जुलैत परत. दोन्ही वेळा लोकांनी मशीन उन्हात वाळवून सरळ प्लग लावले. बाहेरून कोरडं दिसतं, वाइंडिंगच्या पोटात गाळ आणि ओल तशीच असते. अशी मोटार खोलून, स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून, मेगर लावूनच चालू करायची. ते घरचं काम नाही.

आणि एक. ‘ओव्हरलोडचा जोड सारखा सुटतोय, बायपास करून देतो’ असं कोणी म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. प्रोटेक्टर काढलेली मोटार खरोखर जळते, आणि ती प्लॅस्टिकच्या टबाखाली, बहुधा घरात कोणी नसताना.

फोन कराल तेव्हा एवढं सांगा: रिकामं फिरतं का, बंद पडायला किती मिनिटं लागतात, गार झाल्यावर उठतं का, आणि ड्रायर चालतो का. म्हणजे मी पिशवीत बेल्ट टाकायचा की टायमर, ते निघायच्या आधी ठरतं. आणि मी येईपर्यंत टबातली गोधडी बाहेर काढून ठेवा. ओली गोधडी काढायला दोन माणसं लागतात, मी एकटाच असतो.